नदीकाठ कोणासाठी? रस्ता, पूर आणि उद्यान यांचा एक अभ्यास

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून महाराष्ट्रात ओळखले जातात. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. येथील तलाव मात्र त्याच्या कितीतरी पिढ्या आधीचे आहेत. कोहळी समाजातील जाणत्या मंडळींनी ते बांधले, तेव्हा त्यांच्याजवळ आजची मोजमापाची साधने नव्हती; तरीही तलावाचे तीन भाग त्यांनी कधी चुकविले नाहीत. पाणी अडविणारी पाळ, शेताला पाणी सोडणारे तुडूम आणि जास्तीचे पाणी वाहून नेणारा सांडवा. यांपैकी सांडव्याची जागा वर्षाचा बहुतेक काळ रिकामी पडलेली दिसते. तेथे गुरे चरतात, मुले खेळतात. परंतु ती जागा रिकामी आहे म्हणून तेथे कोणी घर बांधीत नाही. सांडवा अडला तर पाळ फुटते, हे ज्ञान गावाने अनुभवातून मिळविलेले आहे.

नदीचा काठ हा गावाचा आणि शहराचा असाच सांडवा होय. पात्रातील नेहमीचा प्रवाह आणि पुराचे पाणी जेथवर पोहोचते ती रेषा, या दोहोंमधील पट्टी वर्षातील बहुतेक दिवस कोरडी असते. शहर वाढू लागले, जमिनीचे भाव चढले, अंतर्गत रस्त्यांवर गर्दी झाली, की सर्वांची दृष्टी प्रथम या पट्टीकडे वळते. तेथे घरे पाडावी लागत नाहीत, भूसंपादनाचा खर्च नाही, हरकत घेणारा मालक नाही. भराव टाकला की रस्ता तयार. देशोदेशीच्या शहरांतील नदीकाठचे रस्ते याच हिशोबाने झाले. पुढे कित्येक ठिकाणी तेच रस्ते बंद करून त्यांच्या जागी सार्वजनिक उद्याने करावी लागली. असे का घडले आणि त्यातून आपल्या नगरपरिषदा, नगरपंचायती व ग्रामपंचायती यांनी काय बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भरावाचे गणित

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या नदीचे पात्र १०० मीटर रुंद आहे आणि पुराच्या वेळी पाण्याची सरासरी खोली ४ मीटर होते असे समजा. पाणी वाहण्यास तेथे ४०० चौरस मीटरचा छेद उपलब्ध आहे. आता एका काठाने १५ मीटर रुंद व ३ मीटर उंच भराव टाकून रस्ता केला, तर ४५ चौरस मीटर जागा व्यापली जाईल; म्हणजे पाण्याच्या वाटेतील ११ टक्क्यांहून अधिक भाग बुजला जाईल. काठाजवळ प्रवाहाचा वेग मध्यापेक्षा कमी असतो, म्हणून प्रत्यक्ष परिणाम किती हे अभियंत्याने मोजून ठरवावयाचे असते. परंतु दिशा स्पष्ट आहे. वरून येणारे पाणी कमी होत नाही. त्याला हरवलेली जागा दुसरीकडे शोधावी लागते. ते एकतर वर चढते किंवा समोरच्या काठावर पसरते. ज्या वस्तीत पूर्वी कधी पाणी शिरले नाही तेथे ते शिरते, आणि त्या वस्तीला त्याचे कारणही कळत नाही.

याच पट्टीत भराव न टाकता, जमिनीच्या मूळ पातळीवर गवत, पायवाटा आणि झाडे असतील तर पूर त्यांच्यावरून निघून जातो. दोन दिवस पाण्याखाली राहिलेली बाग गाळ काढून पुन्हा वापरात आणता येते. रस्त्याचे तसे नाही. तो पाण्याखाली जाऊ द्यावा तर वाहतूक अडते व डांबर उखडते. पाण्याबाहेर ठेवावा तर भराव घालावा लागतो आणि नदीची वाट अडते. रस्ता आणि पूर यांचे हित एकाच जागेवर साधत नाही. उद्यान व पूर यांचे ते साधू शकते.

निळी रेषा आणि लाल रेषा

हा विचार आपल्या राज्यात नवा नाही. महाराष्ट्र शासनाच्या पाटबंधारे विभागाने सप्टेंबर १९८९ मध्ये पूररेषांसंबंधी परिपत्रक काढले. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखविणारी ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीपात्र व निळी रेषा यांमधील भाग निषिद्ध क्षेत्र मानला गेला. बागा, क्रीडांगणे, हलकी पिके अशा मोकळ्या वापरासाठीच तो असावा, असे त्यात म्हटले आहे. निळ्या व लाल रेषांमधील भाग नियंत्रित क्षेत्र ठरविण्यात आला. तेथे अटींवर बांधकाम होऊ शकते. म्हणजे नदीकाठी उद्यान असावे ही केवळ सौंदर्यदृष्टी नसून ती पूरनियंत्रणाच्या नियमांतच अंतर्भूत आहे.

या ठिकाणी एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ असा पूर येऊन गेला की पुढील २४ वर्षे निश्चिंत राहावे, असा लोक करतात. तो बरोबर नाही. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता ४ टक्के असते. ती दरवर्षी नव्याने ४ टक्केच राहते. सलग २५ वर्षांचा विचार केला तर त्या काळात एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. शंभर वर्षांच्या पुराचीही तीच गोष्ट. ३० वर्षे टिकेल म्हणून बांधलेल्या वास्तूच्या आयुष्यात तो येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक असते. पंचायतीच्या बैठकीत किंवा शाळेच्या वर्गात हे गणित फळ्यावर मांडून दाखविले, तर पूररेषेविषयीची निम्मी वादावादी तेथेच मिटेल.

गोंदियातील अनुभव

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर पूर्व विदर्भाच्या स्मरणात आहे. मध्य प्रदेशातील पाणलोट क्षेत्रात मोठा पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून पाणी सोडावे लागले, आणि गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील नदीकाठची गावे वेढली गेली. खाली गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले. गोंदिया जिल्ह्यात वैनगंगा आणि तिला मिळणारी बाघ नदी यांच्या काठच्या गावांना झळ पोहोचली. आपल्या गावात पाऊस पडला नसतानाही पूर येऊ शकतो, हे यातून पुन्हा दिसून आले.

वैनगंगा या जिल्ह्याला दुसऱ्या अर्थानेही जवळची आहे. गोंदिया शहराचे पिण्याचे पाणी डांगोर्लीजवळ याच नदीतून उचलले जाते. शहराजवळून वाहणारी पांगोली आकाराने लहान, परंतु शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी वाहून नेण्याचा भार तिच्यावर आहे. तिरोडा, गोंदिया यांसारखी शहरे वाढत आहेत. वळणरस्ता, जोडरस्ता किंवा घाटाकडे जाणारा पक्का रस्ता यांची मागणी होणे स्वाभाविक आहे. अशा मागणीचा विचार करताना नदीकाठी रस्ता झाल्यावर काय घडते, हे इतरांच्या अनुभवावरून आधीच जाणून घेणे शहाणपणाचे ठरेल.

पुण्याची मुठा नदी

राज्यात या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून मुठेच्या काठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. इतका दारुण अनुभव गाठीशी असूनही पुढील दशकांत वाहतुकीच्या गरजेने शहर पुन्हा नदीच्या पात्रात उतरले. म्हात्रे पूल ते भिडे पूल या भागात पात्रातूनच रस्ता झाला. खडकवासल्यातून पाणी सोडले की हा रस्ता आणि बाबा भिडे पूल पाण्याखाली जातात, आणि वाहतूक बंद करावी लागते. म्हणजे पावसाळ्यात, जेव्हा शहरातील इतर रस्त्यांवर सर्वाधिक ताण असतो, नेमक्या तेव्हाच हा रस्ता उपयोगी पडत नाही.

विठ्ठलवाडीपासून महामार्गाकडे जाणाऱ्या दुसऱ्या एका नदीकाठच्या रस्त्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. २०१३ मध्ये न्यायाधिकरणाने निळ्या रेषेच्या आत भराव टाकून रस्ता करण्यास प्रतिकूल निर्णय दिला. रस्ता रेषेकडे सरकवावा किंवा खांबांवर उचलावा आणि पात्रात टाकलेला राडारोडा काढावा, असा त्या निर्णयाचा आशय होता. आधी भराव टाकण्याचा खर्च, नंतर तो काढण्याचा खर्च आणि मधल्या काळातील न्यायालयीन विलंब, हे सर्व शेवटी करदात्याच्याच माथी येते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी भागात मुठेचे पाणी घरांत शिरले, तेव्हा नदीची वहनक्षमता हा विषय पुन्हा सर्वांच्या चर्चेत आला. या साऱ्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नदीकाठचा रस्ता मुळात टाळणे हे तो झाल्यावर हटविण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

परंतु जेथे रस्ता होऊन गेला आहे तेथे काय करावे? त्यासाठी परदेशांतील दोन-तीन शहरांकडे पाहावे लागेल. त्यांची परिस्थिती आपल्याहून वेगळी आहे, परंतु त्यांनी निर्णय कोणत्या पद्धतीने घेतला हे अभ्यसनीय आहे.

पोर्टलंड : आधी पर्याय, मग बंदी

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात विलामेट नदीच्या पश्चिम काठाने १९४० च्या दशकात हार्बर ड्राइव्ह नावाचा द्रुतगती रस्ता बांधण्यात आला. पंचवीस वर्षांनी तो आणखी रुंद करण्याचा प्रस्ताव पुढे आला. नागरिकांनी त्याला हरकत घेतली. ऑगस्ट १९६९ मध्ये काही कुटुंबांनी त्याच रस्त्याच्या दुभाजकावरील हिरवळीवर बसून सहभोजन केले आणि हा काठ माणसांना बसण्याजोगा आहे, हे शांतपणे दाखवून दिले. तत्कालीन गव्हर्नर टॉम मॅककॉल यांनी नेमलेल्या कृतिगटाने रुंदीकरणाबरोबरच रस्ता पूर्णपणे बंद करण्याच्या पर्यायाचाही विचार केला.

महत्त्वाची गोष्ट अशी की, रस्ता लगेच बंद झाला नाही. नदीवरील फ्रेमाँट पूल व त्याला जोडणारा महामार्ग १९७३ मध्ये पूर्ण झाला, वाहनांना दुसरी वाट मिळाली, आणि नंतर १९७४ मध्ये हार्बर ड्राइव्ह बंद करण्यात आला. त्या जागेवरील उद्यान १९७८ मध्ये खुले झाले. १९८४ मध्ये त्याला मॅककॉल यांचे नाव देण्यात आले. सुमारे ३६ एकरांचे हे उद्यान आज त्या शहराचे अंगण बनले आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये विलामेटला मोठा पूर आला, तेव्हा याच उद्यानाच्या काठाने नागरिकांनी फळ्या व वाळूची पोती रचून तात्पुरती भिंत उभी केली. काठ मोकळा असला की आणीबाणीच्या प्रसंगी तेथे माणसे आणि साहित्य पोहोचते, हा त्यातील आणखी एक धडा.

पॅरिस : आधी प्रयोग, मग निर्णय

पॅरिसमध्ये सीन नदीच्या उजव्या काठाने १९६७ मध्ये द्रुतगती रस्ता खुला झाला. तो एकदम बंद करण्याऐवजी महापालिकेने २००२ पासून दर उन्हाळ्यात काही आठवडे त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून लोकांना फिरण्यास, बसण्यास मोकळा केला. लोकांना त्याची सवय झाली, वाहतुकीवर होणारा परिणामही दरवर्षी पाहता आला. पुढे २०१३ मध्ये डाव्या काठाचा रस्ता व २०१६ मध्ये उजव्या काठाचा रस्ता कायमचा पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला.

येथे प्रशासनाने ध्यानात ठेवावी अशी घटना पुढे घडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथील प्रशासकीय न्यायालयाने उजव्या काठासंबंधीचा निर्णय रद्द ठरविला, कारण त्यासाठी केलेल्या परिणाम-अभ्यासात त्रुटी होत्या. महापालिकेने नदीकाठच्या ऐतिहासिक वारशाच्या रक्षणाचा आधार घेऊन नवा आदेश काढला, आणि त्याच वर्षी तो न्यायालयात टिकला. हेतू कितीही चांगला असला तरी कागद कच्चा असेल तर काम अडते. त्याच वर्षी जानेवारीत सीनला पूर आला आणि हे नदीकाठचे उद्यान पाण्याखाली गेले. पाणी उतरल्यावर ते स्वच्छ करून लोक पुन्हा तेथे फिरू लागले.

दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे चोंगेचॉन या ओढ्यावरचा उन्नत रस्ता २००३ पासून पाडण्यात आला आणि २००५ मध्ये ५.८ किलोमीटर लांबीचा प्रवाह लोकांसाठी खुला झाला. मात्र त्यात वाहते पाणी राखण्यासाठी ते सतत पंपाने आणून सोडावे लागते. विजेचे देयक भरता येईल अशा महानगरालाच हे शक्य आहे. आपल्याकडील लहान शहरांनी असे नमुने जसेच्या तसे उचलू नयेत, एवढ्यासाठी हा उल्लेख.

आपली परंपरा : बुडण्यासाठी बांधलेला घाट

परदेशांकडे पाहताना आपल्या पूर्वजांचे ज्ञान विसरून चालणार नाही. नदीकाठी सार्वजनिक जागा कशी असावी, याचा उत्कृष्ट नमुना म्हणजे घाट. घाटाच्या पायऱ्या पुरात बुडण्यासाठीच बांधलेल्या असतात. त्या पाण्याला अडवीत नाहीत, आणि पाणी ओसरले की पुन्हा स्नान, धुणे, बाजार, कीर्तन यांसाठी मोकळ्या होतात. वाई येथे कृष्णेच्या घाटावर अठराव्या शतकात रास्ते घराण्याने बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागील भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातो. कराड येथील कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे, आणि तेथील बाग ही त्या परिसरातील लोकांची नित्याची विसाव्याची जागा झाली आहे. नदीला विरोध न करता तिच्या काठी वसण्याची कला आपल्याला अपरिचित नाही. नवे उद्यान म्हणजे याच घाटाचा विस्तार असावा.

कामाचे टप्पे

एखाद्या नगरपरिषदेने नदीकाठचा रस्ता वाहनांना बंद करून तेथे उद्यान करण्याचे ठरविले, तर पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

पहिला टप्पा जमिनीच्या दर्जाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० अन्वये नद्या-नाल्यांचे तळ ही शासनाची मालमत्ता आहे. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालय व जलसंपदा विभाग यांच्याशी आरंभीच पत्रव्यवहार करून पूररेषा निश्चित करून घ्याव्यात व त्या जागेवर खांब रोवून दाखवाव्यात. नकाशावरची रेषा लोकांना दिसत नाही, खांब दिसतो.

दुसरा टप्पा वाहतुकीच्या मोजणीचा. बाजाराचा दिवस व सुटीचा दिवस धरून किमान एक आठवडा, सकाळ-संध्याकाळ, त्या रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांची प्रकारवार नोंद घ्यावी. किती वाहने केवळ जवळची वाट म्हणून येतात आणि किती जणांचे घर, शेत वा दुकान त्याच रस्त्यावर आहे, हे वेगळे काढावे. पर्यायी रस्त्याची दुरुस्ती आधी पूर्ण करावी.

तिसरा टप्पा प्रयोगाचा. प्रथम रविवारी सकाळी काही तास, मग एक संपूर्ण हिवाळा, असा रस्ता वाहनांना बंद ठेवून पाहावा. रुग्णवाहिका व अग्निशामक बंबास मात्र वाट सदैव मोकळी हवी. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे याच काळात लेखी घ्यावे. त्यातून योजनेतील उणिवा कळतात.

चौथा टप्पा कायद्याचा. मंजूर विकास योजनेतील रस्त्याचा वापर बदलावयाचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे फेरबदलाची कार्यवाही करावी लागते. नोटीस, हरकती व सूचना, बाधितांची सुनावणी आणि अखेर शासनाची मान्यता, यांपैकी एकही पायरी गाळू नये. पॅरिसचा अनुभव येथे आठवावा. पथविक्रेत्यांना हलवावयाचे असेल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्यातील तरतुदीही पाळाव्या लागतात.

पाचवा टप्पा सांडपाण्याचा. नाल्यांतून येणारे मैलापाणी अडवून शुद्धीकरणाकडे वळविल्याशिवाय उद्यानावर पैसा खर्च करू नये. दुर्गंधीत कोणी फिरावयास येत नाही, आणि खालच्या गावाला तेच पाणी प्यावे लागते.

उद्यानाची रचना

निळ्या रेषेच्या आतील उद्यान हे शहराच्या मध्यभागातील बागेसारखे नसते. रस्त्याचा भराव शक्य तेथे काढून जमीन मूळ पातळीवर आणावी. केवळ डांबरावर माती पसरून हिरवळ लावली तर नदीला काहीच परत मिळत नाही. प्रवाहाला आडवी जाणारी भिंत वा जाळीचे कुंपण घालू नये, कारण त्यात वाहून आलेला पालापाचोळा अडकून बांध तयार होतो. बाके दगडाची व घट्ट बसविलेली असावीत. स्वच्छतागृह, उपाहारगृह, विजेची पेटी हे सर्व रेषेबाहेर, उंचावर असावे. खेळाची साधने पावसाळ्यापूर्वी काढून ठेवता येतील अशी असावीत.

झाडे निवडताना करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन अशी काठाची माती धरून ठेवणारी देशी झाडे घ्यावीत. ती काठाच्या वरच्या भागात व प्रवाहाच्या दिशेने ओळीत लावावीत. खालच्या उतारावर गवत व वाळा पुरेसा आहे. गोंदिया जिल्ह्यासाठी एक विशेष सूचना करणे आवश्यक वाटते. महाराष्ट्रातील सारस पक्ष्यांचे मुख्य आश्रयस्थान हाच जिल्हा आहे, आणि धानाची शेते, तलाव व वैनगंगा-बाघेचे काठ यांवर तो पक्षी जगतो. म्हणून गावाबाहेरील नदीकाठ प्रखर दिव्यांनी रात्रभर उजळून टाकू नये व पाणथळ जागा बुजवू नयेत. प्रत्येक काठाचे उद्यान झालेच पाहिजे असे नाही. काही काठ नदीच्या आणि पक्ष्यांच्या स्वाधीन ठेवणे हाही नियोजनाचाच भाग आहे.

ज्यांचा नदीवर संसार चालतो

उद्यानाच्या योजनेत बहुधा विसरली जाणारी माणसे म्हणजे नदीवर पोट असणारी माणसे. ढीवर बांधवांना नावा लावण्यास व जाळी वाळविण्यास जागा लागते. उन्हाळ्यात पात्रात टरबूज-काकडीच्या वाड्या करणारे शेतकरी, धुणे धुणारे, गुरे पाण्यावर नेणारे गुराखी, अंत्यविधीसाठी घाटावर येणारी कुटुंबे आणि गणेश विसर्जनाचा सोहळा, या सर्वांना त्या काठाची गरज आहे. सुशोभीकरण झाले आणि फाटकाला कुलूप लागले, तर रस्त्याने घेतलेला काठ उद्यानाने पुन्हा एकदा लोकांपासून घेतला असेच होईल. या मंडळींचे प्रतिनिधी समितीवर पहिल्या दिवसापासून असावेत, आणि प्रवेशशुल्क नसावे.

देखभालीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. उद्यानाच्या उद्घाटनास निधी मिळतो. पुरानंतरचा गाळ काढण्यास मिळत नाही. म्हणून नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पात पावसाळ्यानंतरच्या साफसफाईसाठी दरवर्षी वेगळी तरतूद करावी. हा गाळ सुपीक असतो. रोपवाटिकेत त्याचा उपयोग करता येतो. धरणातून पाणी सोडण्याची सूचना मिळताच उद्यान रिकामे करण्याची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरलेले असावे आणि फलकावर लिहिलेले असावे.

शाळा व पंचायती यांना करता येण्याजोगे

शिक्षकांना या विषयातून उत्तम प्रकल्प घेता येतील. गावातील वडीलधाऱ्यांना विचारून २०२० च्या पुराचे पाणी कोठवर आले होते ते शाळेच्या, मंदिराच्या वा पंचायतीच्या भिंतीवर रंगाने नोंदवावे व शेजारी वर्ष लिहावे. उन्हाळ्यात दोरी आणि खुणा केलेल्या काठीच्या साहाय्याने, मोठ्यांच्या देखरेखीखाली, कोरड्या पात्राचा आडवा छेद मोजून आलेखकागदावर काढावा. त्यावर काल्पनिक भराव दाखवून किती टक्के छेद कमी होतो हे विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे. भूगोल, गणित व नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय त्यात एकत्र येतात.

ग्रामपंचायतींनी नदीकाठच्या रस्त्याचा किंवा संरक्षक भिंतीचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आणताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हे बांधकाम निळ्या रेषेच्या आत येते काय? अडलेले पाणी समोरच्या वा खालच्या कोणत्या गावात जाईल, आणि त्या गावाला आपण विचारले आहे काय? पाच वर्षांनी याची दुरुस्ती कोण करील? तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर आल्याशिवाय ठराव करू नये. ज्या गावांत अद्याप काठ मोकळा आहे त्यांची स्थिती पुण्यापेक्षा व पोर्टलंडपेक्षाही चांगली आहे. त्यांना काही पाडावे लागणार नाही. फक्त राखावे लागेल. पूररेषेचे खांब रोवणे, काठावर सावलीची झाडे लावणे आणि घाटाची एखादी मोडलेली पायरी दुरुस्त करणे, एवढ्यानेही आरंभ होऊ शकतो. मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

तलावाच्या सांडव्यावर घर बांधू नये हा नियम या भागात कोणी लिहून ठेवला नव्हता, तरी तो पाळला गेला. नदीकाठासाठी तर पूररेषा आहे, परिपत्रक आहे, कायदा आहे. पावसाळा संपून नद्यांचे पाणी उतरले की, येत्या हिवाळ्यात प्रत्येक नदीकाठच्या नगरपरिषदेने व पंचायतीने आपला काठ एकदा पायी चालून पाहावा आणि पुराच्या खुणा नकाशावर उतरवून घ्याव्यात. काठाविषयीचा पुढील प्रत्येक निर्णय त्या नकाशासमोर बसून व्हावा.